बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत

यवतमाळ जिल्हा म्हटला कीं कापूस, सागवान आणि कडक उन्हाळा या तीन गोष्टी सर्वांस आठवतात. परंतु उन्हाळ्याच्या तोंडाशीं या जिल्ह्यांतील अंगणांत आणखी एक गोष्ट घडूं लागते. ओटीवर चढविलेल्या वेलीच्या एखाद्या लोंबत्या काडीला गवत, सालीचे कपटे आणि कोळ्याचीं जाळीं यांची एक लहानशी पिशवी लटकूं लागते. तें शिंजिराचें, म्हणजे जांभळ्या सूर्यपक्ष्याचें घरटें होय. अवघें चार इंच लांबीचें हें पाखरूं माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर निर्धास्तपणें संसार मांडतें. आणि तो मांडून होण्यापूर्वींच घरांतील कोणाचा तरी कॅमेरा तिकडे वळलेला असतो. लहान पाखराचें जवळून छायाचित्र घेणें आज इतकें सोपें झालें आहे कीं, एके काळीं तें जवळजवळ अशक्य होतें हें ध्यानांतही येत नाहीं. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. पण त्यांत एक इशाराही आहे.

एकोणिसाव्या शतकांत लहान पक्षी जवळून पाहण्याचा राजमान्य मार्ग एकच होता. तो म्हणजे बंदूक. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षिशास्त्राचेही मोठे अभ्यासक होते. १८८५ सालीं त्यांनीं आपला संग्रह ब्रिटिश म्यूझियमला दिला, तेव्हां त्यांत पक्ष्यांचीं कातडीं व अंडीं मिळून सुमारें ८०,००० नमुने होते. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८८३ मध्यें, मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन हिंदी गृहस्थ होते. या संस्थेचें कामही नमुन्यांच्या संग्रहापासूनच सुरू झालें. याला नुसता क्रूरपणा म्हणून चालणार नाहीं. हातीं आलेल्या पाखराच्या पंखांचीं व चोंचीचीं मापें घेतल्यावांचून दोन वटवट्यांमधील भेद त्या काळीं ठरवितां येत नसे.

यवतमाळच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे तेव्हां हैदराबाद संस्थान होतें. त्या संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सलीम अली यांनीं १९३१-३२ मध्यें केली. तीही नमुने गोळा करूनच. पण त्याच सुमारास कुलाबा जिल्ह्यांतील किहीम येथें सुगरणींच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून त्यांनीं जें पाहिलें, तें कोणत्याही बंदुकीला दिसलें नसतें. नर घरटें अर्धवट विणतो, मादी येऊन तें पसंत करते, आणि तो संसार मार्गीं लागला कीं तोच नर दुसरें घरटें विणावयास घेतो! ही हकीकत कातडें तपासून कळणारी नव्हती. त्यासाठीं पाखरूं जिवंत असावें लागतें, आणि पाहणाऱ्याच्या अंगीं सोशिकपणा असावा लागतो.

विलायतेंत या सोशिकपणाला कॅमेऱ्याची जोड आधींच मिळाली होती. रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे यॉर्कशायरमधील दोघे भाऊ. १८९२ च्या एप्रिलमध्यें धाकट्या चेरीनें थ्रश नांवाच्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. तीन वर्षांनीं रिचर्डचें ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक निघालें. त्यांत हातानें रंगविलेल्या चित्रांऐवजीं छायाचित्रें होतीं. पुढें या भावांनीं एक पोकळ बैल तयार करविला. त्याच्या पोटांत छायाचित्रकार कॅमेरा घेऊन उभा राही, आणि माळावरचे पक्षी खरा बैल समजून निःशंक वावरत. माणसानें पाखराजवळ जाण्यासाठीं आपलें माणूसपण झांकावें, ही कल्पना तेथून रूढ झाली.

परंतु आरंभीं घरटींच कां टिपलीं गेलीं? यांत कॅमेऱ्याच्या अडचणीचें मर्म आहे. चार इंचांच्या पाखराचें चित्र मोठें यावें तर कॅमेरा त्याच्यापासून दोन-तीन हातांवर न्यावा लागे. इतक्या जवळून डोळा स्पष्ट आला तर शेपूट अंधुक येते. दोन्ही स्पष्ट यावीं म्हणून भिंगाचें तोंड आवळावें, तर आंत येणारा उजेड कमी होतो. उजेड कमी झाला कीं कांच अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. आणि तेवढ्या वेळांत पाखरूं मान वळवितें व चित्र बिघडतें! दूरदर्शी भिंगें १८९१ च्या सुमारास निघालीं होतीं, पण तींही उजेडाचीं भुकेलींच होतीं. तेव्हां छायाचित्रकारास अशी जागा हवी असे कीं, जेथें पाखरूं हटकून, पुनःपुन्हा आणि ठराविक ठिकाणींच येईल. अशी जागा म्हणजे घरटें.

पुढें अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यांनीं विजेचा अतिक्षणिक झोत सिद्ध केला, आणि फुलापुढें तरंगणाऱ्या गुंजन पक्ष्याचे पंखही चित्रांत स्थिर दिसूं लागले. हिंदुस्थानांत रेल्वेच्या नोकरींतील ई. एच. एन. लोथर यांनीं घरट्यांसमोर लपण उभारून वर्षानुवर्षें छायाचित्रें घेतलीं. त्यांचें पुस्तक १९४९ सालीं निघालें. सिंगापूरचे चित्रपटगृहांचे मालक लोक वान थो महायुद्धाच्या काळांत मुंबईस आले, सलीम अलींचे स्नेही झाले आणि त्यांच्यासह हिंडून त्यांनीं भारतीय पक्ष्यांचीं उत्कृष्ट छायाचित्रें घेतलीं. बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली, असें आतां निश्चिंतपणें म्हणावयास हरकत नव्हती.

पण खरोखर निश्चिंत होण्यासारखें होतें काय? घरटें नीट दिसावें म्हणून भोंवतालचीं पानें बाजूला बांधावीं लागत, प्रसंगीं फांदी छाटावी लागे. इंग्रज छायाचित्रकार या कामाला ‘बागकाम’ असें सौम्य नांव देत. जाणते लोक चित्र घेऊन होतांच फांदी पूर्ववत् करीत. उतावळे तशीच सोडून जात. आतां हें बागकाम यवतमाळच्या एप्रिलमध्यें कल्पून पाहावें. पारा चाळिसाच्या वर गेलेला आहे. शिंजिराची मादी एकटीच अंडीं उबविते, आणि पिल्लें निघालीं कीं नर-मादी दोघेंही त्यांना भरवितात. त्या पिशवीवर सावली धरणारें जें एक पान, तेंच चित्रासाठीं दूर केलें, तर दुपारच्या उन्हांत पिल्लें आंतल्या आंत होरपळतात. ऊन चुकलें तरी टकाचोर आणि कावळा चुकत नाहींत. उघडें पडलेलें घरटें त्यांना लगेच दिसतें. शिवाय माणूस दाराशीं खिळून राहिला कीं मादी चोंचींत किडा धरून दूर फांदीवर ताटकळत राहते, आणि आंत पिल्लें उपाशी असतात. छायाचित्र मात्र सुंदर येतें. त्यांत यांपैकीं कांहींच दिसत नाहीं.

आपल्या देशांत १९७२ सालीं वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या करतांना वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणें हेंही शिकारींतच धरलें आहे. ही व्याख्या मोठी अर्थपूर्ण आहे. हातांत बंदूक नसली तरी मनुष्य शिकारी ठरूं शकतो, हें तिनें स्पष्ट केलें.

आणि आज घरट्याशीं जाण्याची गरज तरी कोठें उरली आहे? ज्या अडचणीमुळें जुन्या छायाचित्रकारांना घरटें गांठावें लागलें, ती अडचण आजच्या भिंगांनीं व वेगवान कॅमेऱ्यांनीं बहुतेक दूर केली आहे. अंगणांत सावलीला मातीचें उथळ परळ पाण्यानें भरून ठेवावें, त्याच्या कडेला एक वाळकी काटकी खोंचावी, आणि खिडकीच्या पडद्याआड बसावें. चार-आठ दिवसांत बुलबुल येतात, दयाळ येतो, शिंपी येतो. जास्वंदीवर शिंजीरही येतो. तो तिरप्या उन्हांत वळला कीं काळा भासणारा त्याचा गळा एकदम निळा-जांभळा झळकतो. कारण तो रंग केवळ पिसांत मुरलेला नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. तो एक क्षण साधण्यांत छायाचित्रकाराचें सारें कौशल्य आहे, आणि त्यासाठीं एकही पान हलवावें लागत नाहीं.

कीर्टन बंधूंनीं पाखराजवळ जाण्यासाठीं बैलाचें सोंग घेतलें. आजच्या गृहस्थाला तेवढेंही कष्ट नाहींत. त्यानें आपल्या जागीं स्वस्थ बसावें, आणि किती जवळ यावयाचें हें पाखरालाच ठरवूं द्यावें.