कोर्लई : सागरी दुर्गाच्या पायथ्याची ‘नोलिंग’

रायगड जिल्ह्यातील मुरुड तालुक्यात कुंडलिका नदीच्या मुखाशी एक अरुंद डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. त्याच्या तीन बाजूंना पाणी, माथ्यावर कोर्लईचा किल्ला आणि पायथ्याशी कोर्लई गाव आहे. गावातील कोळी बांधव मराठी बोलतात, तर ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दसंपत्तीवर उभी असलेली एक स्वतंत्र बोली कानी पडते. बोलणारे तिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात.

पोर्तुगीजांनी खाडीपलीकडील चौल येथे १५२१ मध्ये ठाणे उभारले. सैनिक, व्यापारी व स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांच्या संपर्कातून ही बोली जन्मली. १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी जिंकला. १७४० मध्ये चौलसह हा प्रदेश मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. ख्रिस्ती वस्ती व तिची बोली मात्र मागे राहिली. पुढे मराठीच्या सहवासात तिची वाक्यरचनाही बदलली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माआधी येते, येथे ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते.

गडावर आज तटबंदी, पाण्याचे टाके, तोफा व भग्न चर्च पाहावयास मिळते. डोंगराच्या पायथ्याशी दीपगृह आहे, तर गावातील माउंट कार्मेल मातेचे चर्च वस्तीचे श्रद्धास्थान आहे.

वसईशी तुलना करता कोर्लईचे वेगळेपण ठळक होते. सांडोरसारख्या वसईच्या गावांतील चर्चही पोर्तुगीज काळाचीच साक्ष देतात. परंतु तेथील ख्रिस्ती समाजाने सामवेदी, वाडवळी या मराठीच्या बोली जपल्या. मुंबई-वसई पट्ट्यातील पोर्तुगीज मिश्रबोलीची नोंद भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये केली होती. ती पुढे लोपली. कोर्लईची बोली तेवढी तगली.

या बोलीला स्वतःची लिपी नाही आणि शाळेतही स्थान नाही. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतच आहे. शिक्षण व उपासना मराठीत, नोकरी शहरात, अशा परिस्थितीत ती घराच्या उंबरठ्याआड उरली आहे. तट ढासळला तरी दगड जागेवर राहतात. आईने मुलाशी बोलणे सोडले, तर बोलीचे मात्र काहीच उरत नाही.