सकळ लिपी आणि श्रीलिपी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची दुरुस्ती थांबली आणि जुनाच वाद पुन्हा निघाला: विंडोज आणि ऑफिसची सद्दी संपतेय का, लिनक्स आणि लिब्रेऑफिस त्यांची जागा घेणार का? वऱ्हाडापुरतं बोलायचं, तर हा वाद बहुतेक वेळा किमतीवर येऊन अडकतो, आणि किमतीनं आमच्याकडे फारसं काही ठरलेलं मला दिसलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमरावती-अकोल्यात मी पाहिलेल्या डीटीपीच्या दुकानांत पेजमेकर यायचा तो कुणाच्या तरी ओळखीतल्या सीडीवरून. पुढे अकोल्यातल्या एका ऑपरेटरला मी मुक्त सॉफ्टवेअरचं महत्त्व सांगू लागलो, तर तो म्हणाला, “हे बी तं फुकटच आलं न भाऊ!” इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही बसतात, म्हणून रिचर्ड स्टॉलमनला जन्मभर त्यातला फरक समजावत बसावं लागलं. मराठीत दोन वेगळे शब्द असून माझं काम काही सोपं झालं नाही.

खरं कुलूप फॉन्टात होतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. रोमन अक्षरांच्या नि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. काना इथे, अर्धा ‘श’ तिथे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा.

असली अक्षरांची अदलाबदल या मुलखाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटानं ‘लीळाचरित्र’ रचलं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले: एका अक्षराच्या जागी दुसरं, किल्ली फक्त पंथीयांकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ती उकलली, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाचा एवढा मोठा ठेवा बाकीच्यांना वाचता आला. महानुभावांनी पोथ्या जाणूनबुजून झाकल्या होत्या. फॉन्टवाल्यांचा तसा काही हेतू नसावा. फॉन्टांसाठी सर्वांनी पाळावा असा नियमच नव्हता आणि धंदा ज्याचा त्याचा होता. वाचणाऱ्याची अडचण मात्र तीच. माझ्याकडच्या १९९८च्या एका स्मरणिकेच्या फाइलमध्ये आज शीर्षकसुद्धा लागत नाही. छापील प्रत आहे म्हणून बरं.

हे कुलूप युनिकोडनं उघडलं, आणि त्या कामात दोन्ही बाजूंचे लोक होते, हे वादाच्या भरात विसरलं जातं. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली ती ‘मंगल’ फॉन्टसह. तो र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि ज्याला हवा त्याला वापरता, बदलता येईल असा ‘रघू’ हा मुक्त फॉन्टही त्यांचाच. पुढे ‘लोहित’ आला, ‘मुक्ता’ आला. लिनक्सच्याच गाभ्यावर उभा असलेला अँड्रॉइड खिशात आला तेव्हा गावोगावची माणसं युनिकोड हा शब्दही न ऐकता युनिकोडात लिहू लागली. टेबलावरच्या संगणकाची लढाई होण्याआधीच मुक्त सॉफ्टवेअर असं मागच्या दारानं घरात शिरलं.

डीटीपीचं दुकान मात्र तिथंच आहे. अडोबीनं पेजमेकरचा विकास २००४मध्ये थांबवला, तरी तो चालतोय. स्क्रायबस या मुक्त पर्यायाला देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवता यायला २०१७ उजाडलं, तेही चाचणी आवृत्तीत. तोवर दुकानदाराकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, बिलबुकं, पावत्या साठलेल्या. नाव आणि तारीख बदलली की नवी पत्रिका तयार. फॉन्ट बदलणारी साधनं आहेत, पण रफारावर आणि जोडाक्षरावर ती हमखास अडखळतात, आणि पत्रिकेत व्याह्याचं आडनाव चुकलं तर पैसे कोण देणार?

अमरावतीच्या एका दुकानात लिनक्स घालून द्यायला मी तयार होतो. मालकानं किंमत विचारली नाही, व्हायरसचंही विचारलं नाही. त्यानं कपाटातली सीडींची चळत काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “यातली एक उघडून दाखवा, मंग बोलू.”