डॅनिका पॅट्रिक : पहिल्या विजयापर्यंतची पन्नास पावले

जपानमधील मोतेगी येथे २० एप्रिल २००८ रोजी झालेली ‘इंडी जपान ३००’ शर्यत जिंकून अमेरिकेच्या डॅनिका पॅट्रिकने मोटार शर्यतींच्या इतिहासात मानाचे स्थान मिळविले. इंडीकार मालिकेतील शर्यत जिंकणारी ती पहिली महिला ठरली. त्या वेळी ती २६ वर्षांची होती आणि या मालिकेतील तिची ही पन्नासावी शर्यत होती. कीर्ती तिच्याकडे तीन वर्षे आधीच चालून आली होती. विजयाला मात्र वाट पाहावी लागली.

डॅनिकाचा जन्म २५ मार्च १९८२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट येथे झाला. शेजारच्या इलिनॉय राज्यातील रॉस्को या छोट्या गावात ती वाढली. वयाच्या दहाव्या वर्षी धाकट्या बहिणीसोबत तिने गो-कार्ट चालवायला सुरुवात केली. बहिणीचा उत्साह लवकरच ओसरला, डॅनिकाचा वाढत गेला. वर्ल्ड कार्टिंग असोसिएशनचे राष्ट्रीय विजेतेपद तिने आपल्या गटात १९९४, १९९६ आणि १९९७ अशा तीन वर्षी पटकाविले.

सोळाव्या वर्षी शाळा आणि घर सोडून ती इंग्लंडला गेली. फॉर्म्युला व्हॉक्सहॉल आणि फॉर्म्युला फोर्ड या उमेदवारांच्या शर्यतींत तिने तीन वर्षे काढली. परक्या देशात, जवळजवळ पूर्णपणे मुलांच्या असलेल्या या जगात एकटीने टिकून राहणे सोपे नव्हते. सन २००० मध्ये ब्रँड्स हॅच येथील फॉर्म्युला फोर्ड महोत्सवात तिने दुसरा क्रमांक मिळविला. त्या स्पर्धेतील महिलेची ही तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती.

मोटार शर्यतीत केवळ कौशल्य असून भागत नाही. गाडी देणारा संघमालक लागतो. १९८६ चे इंडियानापोलिस ५०० विजेते बॉबी रहाल यांनी २००२ मध्ये तिला करारबद्ध केले. त्यानंतरची दोन वर्षे ती टोयोटा अटलांटिक मालिकेत उतरली आणि २००४ मध्ये गुणतक्त्यात तिसरी आली. मात्र या मालिकेतही तिला एकही शर्यत जिंकता आली नाही.

२००५ मध्ये रहाल यांनी तिला इंडीकार मालिकेत उतरविले. त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिस ५०० मध्ये तिने चौथ्या स्थानावरून सुरुवात केली. २०० फेऱ्यांच्या या शर्यतीत ती १९ फेऱ्या आघाडीवर होती. या शर्यतीत आघाडी घेणारी ती पहिली महिला होय. परंतु इंधन पुरविण्यासाठी तिला अखेरीस वेग आवरावा लागला. अवघ्या काही फेऱ्या उरल्या असताना डॅन व्हेल्डनने तिला मागे टाकून शर्यत जिंकली. डॅनिका चौथी आली.

या यशाबरोबर वादही आला. कमी वजनामुळे तिच्या गाडीला अधिक वेग मिळतो, असा आक्षेप चालक रॉबी गॉर्डनने घेतला. त्या वेळच्या नियमानुसार गाडीचे वजन चालकाला वगळून मोजले जात असे. २००८ च्या हंगामापासून चालकाचे वजनही हिशेबात घेतले जाऊ लागले.

योगायोग असा, की तिचा पहिला विजय नेमका त्याच हंगामात आला. दरम्यान, २००७ मध्ये ती अँड्रेटी ग्रीन संघात दाखल झाली होती. मोतेगीला प्रतिस्पर्धी इंधन भरण्यासाठी एकेक करून पिटमध्ये वळले. डॅनिकाने मात्र इंधन काटकसरीने वापरले होते. दोन फेऱ्या बाकी असताना तिने हेलिओ कॅस्ट्रोनेव्हेसला मागे टाकले आणि पाच सेकंदांहून अधिक अंतराने शर्यत जिंकली. इंडियानापोलिसला ज्या इंधनाने हुलकावणी दिली, त्याच्याच अचूक हिशेबाने येथे विजय मिळवून दिला.

पुढे तिने नॅसकारची वाट धरली आणि २०१८ मध्ये ती निवृत्त झाली. मोतेगीचा विजय हा इंडीकारमधील तिचा एकमेव विजय ठरला. आजवर दुसऱ्या कोणत्याही महिलेला या मालिकेत अशी कामगिरी करता आलेली नाही. तिच्या यशाचे मोल त्यातून कळतेच. पण दार एकदा उघडले म्हणजे वाट रुळते असे नाही, हेही त्यातून दिसते.