गिटार

भंडारा जिल्ह्यात खडी गंमतीच्या फडापासून लग्नातील वाद्यवृंदापर्यंत कोठेही गिटारीचा विषय निघाला, की तिच्या नावाचा अंत्य भाग म्हणजे सतारीतील फारसी 'तार'च होय, असे खात्रीपूर्वक सांगणारा एखादा जाणता गृहस्थ हटकून भेटतो. सतार ही 'सेहतार', म्हणजे तीन तारांची, हे खरे. परंतु गिटारीचा वंशवृक्ष निराळा आहे. ग्रीकांच्या 'किथारा'चे नाव अरबांनी 'कीथारा' असे आपलेसे केले, त्यांच्या अमलाखालील स्पेनमध्ये त्याचे 'गितार्रा' झाले आणि अखेर इंग्रजीच्या मार्गाने तो शब्द मराठीच्या दप्तरी रुजू झाला. वाद्य मात्र या प्रवासात पार पालटले: किथारेच्या दोन उभ्या बाहूंमध्ये तारा मोकळ्या ताणलेल्या असत, तर गिटारीच्या तारा मानेवरील पडद्यांवर दाबून सूर काढतात. शाहिराच्या मागे झीलकरी छेडतो त्या तुणतुण्याची एकुलती तार, खुंटी पिळून स्वर लावलेली, पडद्यावाचून निनादते. त्या दृष्टीने तेच किथारेला अधिक जवळचे, असे मला वाटते. आज कोणी 'ते गिटार' म्हणतात, कोणी 'ती'; सतारीच्या सादृश्याने रूढ झालेले स्त्रीलिंगच आपण चालवावे.