भय आणि साक्ष

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ अशी आपल्याकडे म्हण आहे. भ्यालेल्याला नसलेलेही दिसते, हा तिचा आशय. मग भ्यालेल्या माणसाची साक्ष टाकाऊच समजावी काय? हा प्रश्न न्यायाधीशाप्रमाणे इतिहासकारालाही पडतो. युद्धे, आगी, जहाजे बुडणे यांचा इतिहास आपण लिहितो तो अशाच माणसांच्या तोंडून ऐकून.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ‘टायटॅनिक’ हे जहाज उत्तर अटलांटिक महासागरात बुडाले. सुमारे १५०० माणसे मेली. सातशेच्या वर वाचली. जहाज आधी मोडले की अखंड बुडाले? त्याच वर्षी अमेरिकेत सिनेटच्या समितीने आणि इंग्लंडात लॉर्ड मर्सी यांनी चौकशी केली. जहाज मोडले, असे अनेक उतारूंनी व खलाशांनी सांगितले. जहाजावरील अधिकारी लाइटोलर यांनी मात्र ते मोडले नाही, असे ठासून सांगितले. दोन्ही चौकश्यांनी निर्णय दिला, जहाज अखंड बुडाले!

पुढे ७३ वर्षे लोटली. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलर्ड व झाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला जहाजाचे अवशेष सुमारे ३८०० मीटर खोलीवर सापडले. जहाजाचे दोन भाग एकमेकांपासून सुमारे ६०० मीटर अंतरावर पडले होते. २००३ साली मानसशास्त्रज्ञांनी जुन्या जबान्या पुन्हा तपासल्या. त्यांनी निवडलेल्या २० साक्षीदारांपैकी १५ जणांनी जहाज मोडल्याचेच सांगितले होते.

तर मग भीतीने स्मृती बिघडत नाही, असे म्हणावे काय? तसेही नाही. ‘लंडन डंजन’ हे लोकांना मुद्दाम घाबरवणारे एक प्रदर्शन आहे. तेथील अंधाऱ्या भुलभुलैयात प्रेक्षकांसमोर एक भेसूर सोंग येई. त्या माणसाला पुढे छायाचित्रांतून ओळखायचे, असा ५६ प्रेक्षकांवरील प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. अधिक घाबरलेल्यांपैकी अवघ्या १७ टक्क्यांनी त्याला ओळखले. कमी घाबरलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी.

या दोन गोष्टींत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. भीतीने मनाच्या दिव्याचा झोत अरुंद होतो, असे अनेक मानसशास्त्रज्ञ मानतात. जे प्रचंड आणि प्राणावर बेतणारे, त्यावर झोत पडतो; बाकीचे अंधारात राहते. ‘काय घडले’ हे भ्यालेला माणूस पुष्कळदा बरोबर सांगतो. ‘तो माणूस कसा दिसत होता’ या प्रश्नावर मात्र तो फसण्याचा संभव फार. आणि तेथे तो फसला, तर एखादा निरपराध तुरुंगात जातो.

ठामपणाचेही असेच आहे. लाइटोलर हे शूर अधिकारी होते. शेवटपर्यंत जहाजावर राहिले. तरीही या एका गोष्टीत ते चुकले. आवाजातला निश्चय हा स्मृतीच्या अचूकपणाचा पुरावा नव्हे.

म्हणून भ्यालेल्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये, डोळे मिटून स्वीकारूही नये. आपण त्याला कोणती गोष्ट विचारीत आहोत, हे आधी पाहावे. त्या पहाटेचा ब्रह्मराक्षस खराच होता, आणि पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो नीट पाहिला होता.