डांबर संपते तिथे

मोटारीचे चाक सांगाड्याला धरून ठेवायचे आणि तरी त्याला वरखाली होऊ द्यायचे, हे काम कंट्रोल आर्मचे. आपल्या गॅरेजांत त्याला नुसते अप्पर आर्म, लोअर आर्म म्हणतात. एका टोकाला रबरी बुश, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. एक चाक खड्ड्यात गेले तरी जोडीच्या चाकाला धक्का बसत नाही, हा त्याचा फायदा. दोन्ही चाके एकाच अखंड धुऱ्यावर बसवलेल्या गाडीत एकीकडचा हिसका दुसरीकडे पोचतोच. तेव्हा वाळवंटी मुलुखाने ही सोय आधी उचलली असेल, असे कुणालाही वाटेल. सौदी अरेबियाचा मोटार-इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. तिथे आर्म रुळला तो डांबरी रस्त्यामागून, आणि डांबर संपते तिथे धुरा अजून हटलेला नाही.

मुंबईहून बोटीने जेद्दाला उतरणारा हाजी पूर्वी उंटावरून मक्केला जाई. १९२५ साली मक्का-जेद्दाचा हा हेजाझ प्रांत पुढे सौदी राजे झालेल्या अब्दुलअझीझ यांच्या ताब्यात आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या वाटेवर मोटारी धावू लागल्या. फोर्डची एजन्सी घेतली होती हॅरी सेंट जॉन फिल्बी या इंग्रजाने. त्या फोर्ड गाड्यांना अखंड धुरा आणि आडवे कमानपाटे असत. पुढे १९३३ साल आले. त्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने पुढच्या चाकांना दुहेरी विशबोन आर्म असलेली '३८०' मांडली, आणि त्याच वर्षी २९ मे रोजी सौदी तेलाचा करार झाला. सप्टेंबरात अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ जुबैलला उतरले. वाळूत रुतणाऱ्या गाड्यांवर त्यांनी शोधलेला उपाय सस्पेन्शनमध्ये नव्हता, टायरमध्ये होता: रुंद टायर आणि कमी हवा. मला हा पुरावा निर्णायक वाटतो. मऊ वाळूत प्रश्न धक्क्याचा नसतो, भार किती जागेवर पसरतो याचा असतो, आणि तो आर्म सोडवू शकत नाही.

यावर आक्षेप असा, की निवड होतीच कुठे? अमेरिकेने जे पाठवले ते लोकांनी वापरले. पण आर्मच्या गाड्या तिथे पोचल्या नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९३४ पासून आपल्या मोटारींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले होते आणि युद्धानंतर अशा मोटारी सौदी शहरांत दिसू लागल्या. १९४५ मध्ये राजे अब्दुलअझीझ यांना भेटल्यानंतर चर्चिल यांनी त्यांना रोल्स-रॉइस फँटम-३ भेट दिली. पुढच्या चाकांना विशबोन आर्म असलेली ही त्या कंपनीची पहिलीच मालिका. (गाडी उजव्या स्टिअरिंगची, राजांना पुढे बसायची सवय, आणि चालकाच्या डावीकडे बसणे त्यांना कमीपणाचे वाटले, म्हणून ती भावाला देऊन टाकली, असे सांगतात.) म्हणजे दोन्ही प्रकार देशात होते. शहरातल्या मोटारीला आर्म चालला. पण १९५० मध्ये पुरी झालेल्या ट्रान्स-अरेबियन पाइपलाइनचे पाइप वाहून नेले ते धुरा आणि पाटे असलेल्या अवजड ट्रकांनी. कारण साधे आहे. एखादा पाटा तुटला तरी जुगाड करून गाडी रखडत मुक्कामी नेता येते. बॉल जॉइंट निसटला की चाकच आडवे पडते, आणि जवळचे गॅरेज दोन दिवसांच्या वाटेवर असते. शिवाय ऊन रबर चिरते, आणि बॉल जॉइंटचे रबरी आवरण फाटले की वाळू आत शिरते.

१९६७ मध्ये दम्मामपासून रियाधमार्गे जेद्दापर्यंत सलग डांबरी रस्ता झाला, १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि गणित बदलले. रत्नागिरी-रायगडची माणसे आखाती देशांत कामाला जाऊ लागली ती याच लाटेत. आता गाडी ताशी शंभराच्या वेगाने तासन्‌तास धावणार होती आणि तिथे आर्मचा खरा गुण, वेगात चाक नेमके धरण्याचा, उपयोगी पडला. तरी १९५५ पासून अब्दुल लतीफ जमील या वितरकामार्फत टोयोटा जिथे गाड्या विकत होती, तिथल्या लँड क्रूझरचा क्रम पाहा. १९९० च्या ८० मालिकेत पाटे जाऊन स्प्रिंग आल्या, धुरा राहिला. पुढच्या चाकांना आर्म मिळाले ते १९९८ च्या १०० मालिकेत. हा बदल अमेरिकी गिऱ्हाइकासाठी होता, सौदी रस्त्यासाठी नव्हे, असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. पण मग टोयोटाने त्याच वेळी अखंड धुऱ्याची १०५ वेगळी का काढली? आणि चारही चाकांना आर्म असलेली निस्सान पेट्रोल २०१० मध्ये आल्यावरही जुनी धुरेवाली पेट्रोल आखातात का विकली जात राहिली?

सर्वांत जोरकस आक्षेप डकार रॅली या मोटार-शर्यतीचा. २०२० पासून ती सौदीत भरते आणि २०२५ मध्ये यझीद अल-राजही या सौदी चालकाने ती आर्मवाल्या हायलक्समध्ये जिंकली. वाळूवर यापेक्षा कठीण परीक्षा नाही, हे कबूल. पण त्या गाडीची चाके ३५० मिलिमीटर वरखाली होतात, आणि मुक्कामाला मेकॅनिकांची फौज व सुट्या भागांचा ट्रक उभा असतो. उंटांना पाणी नेणाऱ्या बदूच्या दिमतीला यातले काही नसते. त्याच्यासाठी टोयोटा आजही लँड क्रूझर ७० चा पिकअप सौदीत विकते: पुढे अखंड धुरा, मागे पाटे.