सुरतेच्या निवेदनावरील एक सही

सुरत काँग्रेस म्हटली की व्यासपीठावर येऊन पडलेला मराठी जोडा प्रथम आठवतो. २७ डिसेंबर १९०७ रोजी लोकमान्य टिळक आपली सूचना मांडण्यास उभे राहिले, गोंधळ उसळला आणि अधिवेशन मोडले. आम्हां वकिलांना मात्र त्यानंतरचा कागद अधिक मोलाचा वाटतो. राष्ट्रीय पक्षाने आपली बाजू क्रमवार मांडणारे निवेदन प्रसिद्ध केले. त्यावर टिळक व अरविंद घोष यांच्यासह अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचीही सही आहे.

१८५४ साली जन्मलेल्या खापर्ड्यांनी १८८४ मध्ये कायद्याची पदवी घेतली. वऱ्हाडात मुन्सफ व असिस्टंट कमिशनर म्हणून काम केल्यावर १८९० मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत वकिली मांडली. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा होताच त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी ते विलायतेस गेले.

त्या काळचा नकाशा पाहावा. पुणे आणि सुरत एकाच मुंबई इलाख्यात होते. वऱ्हाड मात्र १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. म्हणजे सुरतेत गुजराती यजमान टिळकांचे स्वप्रांतीय ठरत होते आणि मराठी खापर्डे परप्रांतीय! राज्यकर्त्यांच्या सोयीने आखलेली सीमा भाषेला कशी तोडते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता द्यावा?

काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या संघटनेपुरते भाषिक प्रांत मान्य केले. वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. खापर्डे १९३८ मध्येच निवर्तले होते.

सीमेपलीकडील आमच्या बांधवांनी यातून एक व्यवहार्य गोष्ट घ्यावी. सभा उधळली जाते, घोषणा विरतात. सहीनिशी नोंदवलेली बाजू टिकते. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तेव्हा पुढचा अर्ज मराठीत लिहावा, तारीख घालावी, सही करावी आणि पोच घेतल्यावाचून कचेरी सोडू नये.